गर्ल ग्रुप आणि म्युझिक व्हिडिओ : ‘ती’, ‘त्या’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’

प्रस्तावना

चार-पाच तरुणी एकत्र गातात आणि नाचतात, त्यांच्या गटाला एक नाव असते, आणि त्यांना आपण रेडिओवर ऐकण्याआधी पडद्यावर पाहिलेले असते. अशा गटाला ‘गर्ल ग्रुप’ म्हणतात. एखाद्या एकट्या गायिकेची ओळख तिच्या आवाजावरून होऊ शकते. पाच जणींच्या गटात मात्र आवाज एकमेकांत मिसळलेले असतात. कोणता आवाज कोणाचा, कोण धीट, कोण लाजरी, कोण पुढे, कोण मागे हे सगळे श्रोत्याला व्हिडिओ सांगतो. म्हणून गर्ल ग्रुपची प्रतिमा कशी घडते हे समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या म्युझिक व्हिडिओपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते.

या पाठात आपण मुख्यतः मुंबईत घडलेली दोन उदाहरणे पाहणार आहोत : 2002 सालचा ‘विवा’ हा गट आणि 2016 सालचा ‘सिक्स पॅक बँड’. तुलनेसाठी इंग्लंडमधील आणि दक्षिण कोरियातील गटांचा उल्लेख येईल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्यांना
- ‘प्रतिमा’ या संकल्पनेचा माध्यम-अभ्यासातील अर्थ सांगता येईल;
- म्युझिक व्हिडिओ गटातील व्यक्ती आणि गट यांचे नाते कसे मांडतो हे स्पष्ट करता येईल;
- एखाद्या व्हिडिओचे सेकंद मोजून आणि नजरेची दिशा पाहून विश्लेषण करता येईल;
- प्रतिमा कोण ठरवते आणि ती कोणाच्या मालकीची राहते, या प्रश्नावर विचार मांडता येईल.

1. प्रतिमा म्हणजे काय?

ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड डायर यांनी 1979 साली ‘स्टार्स’ या ग्रंथात सिनेतारकांविषयी एक महत्त्वाची मांडणी केली. तारका म्हणून आपण जी ओळखतो ती प्रत्यक्ष व्यक्ती नसते. तिचे चित्रपट, जाहिराती, मुलाखती, छायाचित्रे, तिच्याविषयी छापून आलेला मजकूर या सर्वांतून तयार झालेली ती एक रचना असते. या रचनेलाच आपण प्रतिमा म्हणू. प्रतिमा खोटीच असते असे नाही. पण ती निवडलेली असते. काय दाखवायचे आणि काय वगळायचे हे कोणीतरी ठरवलेले असते.

गर्ल ग्रुपच्या बाबतीत हे काम व्हिडिओच्या आधीपासून चालत आले आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातील मोटाऊन कंपनीने ‘द सुप्रीम्स’ या तीन कृष्णवर्णीय तरुणींच्या गटाला जगासमोर आणले. कंपनीने मॅक्सीन पॉवेल यांना कलावंतांना उठणे-बसणे, चालणे-बोलणे शिकवण्यासाठी नेमले होते, तर चोली ॲटकिन्स त्यांच्या हालचाली बसवत. दूरचित्रवाणीवर त्या दिसल्या तेव्हा वंशभेद पाळणाऱ्या समाजात त्यांची शालीनता हेच एक विधान होते. म्हणजे गाण्याइतकीच तयारी दिसण्याची होती, आणि त्या दिसण्याला राजकीय अर्थ होता.

2. व्हिडिओ गाण्याशी काय करतो?

अँड्र्यू गुडविन यांनी 1992 साली म्युझिक व्हिडिओवरील आपल्या ग्रंथात गाणे आणि चित्र यांचे तीन प्रकारचे संबंध सांगितले आहेत. पहिला, चित्र गाण्याचा अर्थ तसाच दाखवते. दुसरा, चित्र गाण्यात नसलेला अर्थ त्यात भरते. तिसरा, चित्र गाण्यापासून फारकत घेते. गर्ल ग्रुपची प्रतिमा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातून तयार होते. गाणे मैत्रीचे असते. ती मैत्री श्रीमंत घरातल्या मुलींची की चाळीतल्या, बंडखोर की आज्ञाधारक, हे चित्र ठरवते.

हे काम नेमके कसे होते हे समजण्यासाठी मराठी भाषेची एक सोय आपल्या उपयोगी पडते. हिंदीत ‘हम’ आणि इंग्रजीत ‘वुई’ असा एकच शब्द आहे. मराठीत त्याचे दोन शब्द होतात. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आम्ही जेवायला चाललो’ आणि ‘आपण जेवायला चाललो’ यांतला फरक लहान मुलालाही कळतो. गर्ल ग्रुपचा व्हिडिओ पाहताना पुढील चार सर्वनामे लक्षात ठेवावीत.

- ती : कॅमेरा एकीवरच थांबतो. चेहऱ्याचा जवळचा शॉट, वेगळा पोशाख, वेगळे घर किंवा खोली. येथे गटातून व्यक्ती वेगळी काढली जाते.
- त्या : कॅमेरा दुरून किंवा आडून पाहतो. शरीराचे तुकडे दिसतात. पाहणाऱ्याला कोणी पाहत नाही. लॉरा मल्वी यांनी 1975 साली चित्रपटातील ज्या पुरुषी नजरेची चर्चा केली, ती या सर्वनामात बसते.
- आम्ही : मुली एकमेकींकडे पाहतात, हसतात, एकमेकींना ओढून नेतात. प्रेक्षकाला त्यांची मैत्री दिसते, पण तो तिचा भाग नसतो.
- आपण : मुली थेट कॅमेऱ्यात पाहतात, बोलावतात, हात पुढे करतात. प्रेक्षक गटातला एक होतो.

आपल्याकडच्या मंगळागौरीचा खेळ आठवा. घरच्या ओसरीवर झिम्मा किंवा फेर चालतो तेव्हा सगळ्या जणी वर्तुळाच्या आत तोंड करून असतात. बघणारा असा वेगळा कोणी नसतो. जी बघते ती पुढच्या क्षणी खेळात येते. हाच खेळ रंगमंचावर किंवा कॅमेऱ्यासमोर आला की वर्तुळ एका बाजूने उघडते, अर्धगोल होतो आणि सगळ्यांची तोंडे प्रेक्षकांकडे वळतात. खेळ तोच, गाणे तेच. पण सर्वनाम बदलले. म्युझिक व्हिडिओ नेमके हेच करतो.

3. सेकंदांचे वाटप आणि टोपणनावे

चार मिनिटांचे गाणे म्हणजे 240 सेकंद. समजा, त्यांतले 100 सेकंद सगळ्या जणी एकत्र दिसतात आणि 40 सेकंद जागा, इतर माणसे किंवा गटाबाहेरची दृश्ये आहेत. उरले 100 सेकंद. पाच जणींत समान वाटले तर प्रत्येकीला 20 सेकंद येतात. पण एकीला 40 सेकंद दिले तर उरलेल्या चौघींना प्रत्येकी 15 सेकंदच मिळतात. प्रेक्षक हे मोजत नाही, तरी व्हिडिओ संपल्यावर ‘मुख्य’ कोण हे त्याला पक्के कळलेले असते. गटातली क्रमवारी अशी न बोलता ठरते.

15 सेकंदांत माणूस कळत नाही. खूण तेवढी लक्षात राहते. म्हणून प्रत्येकीला एक खूण दिली जाते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील ‘स्पाइस गर्ल्स’. त्यांच्या ‘वॉनाबी’ (1996) या पहिल्या गाण्याचा व्हिडिओ लंडनमधील सेंट पँक्रस येथील जुन्या हॉटेलच्या इमारतीत चित्रित झाला. पाच मुली एका प्रतिष्ठित मेजवानीत घुसतात, पाहुण्यांची थट्टा करतात, टेबलावर उड्या मारतात आणि पळून जातात. सगळे एकाच सलग शॉटमध्ये घडल्यासारखे वाटते. कॅमेरा त्यांच्यामागे धावतो, त्या वळून त्याच्याशी बोलतात. पाहुणे ‘ते’ होतात आणि प्रेक्षक ‘आपण’ मध्ये येतो. या व्हिडिओने गटाला दिलेली धांदरट, आपल्यातलीच वाटणारी प्रतिमा पुढे टिकली.

त्याच वर्षी ‘टॉप ऑफ द पॉप्स’ मासिकाने या पाच जणींना टोपणनावे दिली : पॉश, स्पोर्टी, बेबी, जिंजर आणि स्केअरी. नावे इतकी चिकटली की पुढचे व्हिडिओ, बाहुल्या, जाहिराती सगळे त्यांवर उभे राहिले. येथे थांबून एक गोष्ट पाहायला हवी. गटातील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य मेल बी हिच्या वाट्याला ‘स्केअरी’, म्हणजे भीतिदायक, हे नाव आले. इतरांची नावे कपडे, खेळ, वय, केस यांवरून होती. समाजात आधीपासून असलेला पूर्वग्रह असा गमतीच्या टोपणनावातून प्रतिमेत शिरतो. खूण देणे म्हणजे सोपे करणे. आणि सोपे करताना आपण बहुधा हाताशी असलेला साचाच उचलतो.

4. ‘विवा’ : निवडीचा खेळ हाच पहिला व्हिडिओ

भारतात 1990 च्या दशकात चॅनल व्ही आणि एमटीव्ही यांच्यामुळे चित्रपटाबाहेरच्या गाण्यांना पडदा मिळाला. अलिशा चिनॉय यांचे ‘मेड इन इंडिया’ (1995) हे त्या काळातले ठळक उदाहरण. तेव्हाचे बहुतेक पॉप व्हिडिओ एकट्या गायकाचे किंवा गायिकेचे होते.

2002 साली चॅनल व्हीने ‘पॉपस्टार्स’ हा कार्यक्रम भारतात आणला. कार्यक्रमाचा साचा न्यूझीलंडचा होता. तेथे 1999 मध्ये त्यातून ‘ट्रूब्लिस’ हा गर्ल ग्रुप निघाला. पुढे ऑस्ट्रेलियात ‘बार्डो’ आणि जर्मनीत ‘नो एंजल्स’ हे गट याच मार्गाने आले. भारतात देशभरच्या मुलींच्या चाचण्या झाल्या आणि शेवटी पाच जणी निवडल्या गेल्या : सीमा रामचंदानी, प्रतीची मोहपात्रा, नेहा भसीन, महुआ कामत आणि अनुष्का मनचंदा. गटाचे नाव ‘विवा’. पहिला अल्बम त्याच वर्षी आला. ‘हम नये गीत सुनाएँ’ आणि ‘जागो ज़रा’ ही त्यांतली लोकप्रिय गाणी. 2003 मध्ये ‘विवा रीलोडेड’ हा दुसरा अल्बम आला आणि काही वर्षांतच गट विसर्जित झाला.

‘विवा’ची प्रतिमा समजून घेताना दोन टप्पे वेगळे करावे लागतात.

पहिला टप्पा निवडीचा. प्रेक्षकांनी या मुलींना आधी रांगेत उभ्या असलेल्या, घाबरलेल्या, रडणाऱ्या, एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या मुली म्हणून पाहिले. प्रत्येक भागात एकेक ‘ती’ होती. ‘ही आपल्यासारखीच आहे आणि हिची निवड झाली’ ही भावना गाणे येण्याच्या आधीच तयार झाली होती. या अर्थाने संपूर्ण कार्यक्रम हाच गटाचा पहिला आणि सर्वांत लांब व्हिडिओ होता.

दुसरा टप्पा गाण्यांच्या व्हिडिओचा. कालपर्यंत एकमेकींच्या प्रतिस्पर्धी असलेल्या पाच जणी आता जुन्या मैत्रिणी वाटायला हव्या होत्या. ‘ती’ पासून ‘आम्ही’ पर्यंतचे हे अंतर तीन-चार मिनिटांत कापायचे होते. पहिल्या प्रसिद्ध गाण्याचे शीर्षकच ‘हम’ या शब्दाने सुरू होते हे लक्षात घ्या. आणि ‘जागो ज़रा’ हे शीर्षक ऐकणाऱ्याला उद्देशून आहे. त्यात हाक आहे. म्हणजे एक शीर्षक ‘आम्ही’ उभे करते आणि दुसरे ‘आपण’कडे हात करते.

‘स्पाइस गर्ल्स’शी तुलना केली की फरक दिसतो. ‘विवा’तल्या मुलींना सर्वत्र चिकटून राहिलेली टोपणनावे नव्हती. लोकांना त्यांची खरी नावे आणि निवडीच्या कथा माहीत होत्या. याचा फायदा असा की साच्यात अडकणे कमी झाले. तोटा असा की ओळख कार्यक्रमाच्या आठवणीवर उभी होती. पुढच्या वर्षी याच कार्यक्रमाचे दुसरे पर्व आले, त्यातून ‘आसमा’ हा दोन मुली आणि दोन मुलगे यांचा गट निघाला (पुढे पार्श्वगायिका म्हणून नाव मिळवलेल्या नीती मोहन याच गटातल्या), आणि प्रेक्षकांचे कुतूहल नव्या कथेकडे वळले. निवडीतून मिळालेल्या प्रतिमेला पुढची निवड जुने करते.

5. ‘सिक्स पॅक बँड’ : ‘ते’ पासून ‘आम्ही’ पर्यंत

जानेवारी 2016 मध्ये मुंबईत ‘सिक्स पॅक बँड’ जाहीर झाला. तृतीयपंथी समाजातील सहा जणींचा हा गट : आशा जगताप, भाविका पाटील, चांदनी सुवर्णकर, फिदा खान, कोमल जगताप आणि रवीना जगताप. संगीतकार शमीर टंडन, निर्मिती यशराज फिल्म्सच्या ‘वाय-फिल्म्स’ या शाखेची आणि पाठबळ ब्रूक बाँड रेड लेबल चहाचे. या गटाची जाहिरात ‘गर्ल ग्रुप’ म्हणून झाली नव्हती. पण व्हिडिओतून गटाची प्रतिमा कशी घडते याचे आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणून त्याचा येथे विचार करणे योग्य आहे.

पहिले गाणे ‘हम हैं हॅपी’. फॅरेल विल्यम्स यांच्या ‘हॅपी’ या 2013 सालच्या इंग्रजी गाण्याचे हे हिंदी रूप. सुरुवातीला अभिनेत्री अनुष्का शर्मा यांचे निवेदन आहे. शीर्षकात पुन्हा ‘हम’ आहे, पण येथे त्याचे वजन वेगळे आहे. शहरातला सामान्य माणूस तृतीयपंथी व्यक्तीला बहुधा सिग्नलवर, लोकलच्या डब्यात किंवा बारशाच्या घरी भेटतो. काच वर करणे, नजर चुकवणे, पटकन दहा रुपये देणे हा त्या भेटीचा शिरस्ता. म्हणजे हा समाज रोज दिसतो, पण कायम ‘ते लोक’ म्हणून. व्हिडिओत त्याच व्यक्ती चौकटीच्या मध्यभागी उभ्या राहून ‘हम’ म्हणतात, आणि पाहणाऱ्याला काच वर करण्याची सोय नसते.

गाण्याची निवडही विचार करण्यासारखी आहे. मूळ ‘हॅपी’च्या लयीतच टाळ्या आहेत. तृतीयपंथी समाजाची टाळी ही आपल्याकडे लगेच ओळखू येणारी खूण. अनेकांच्या मनात ती भीतीशी किंवा टिंगलीशी जोडलेली. पॉप गाण्यातली टाळी मात्र आनंदाची असते. दोन टाळ्या एकत्र आल्या की पहिलीचा अर्थ दुसरीने बदलतो. गुडविन यांच्या भाषेत, चित्राने गाण्यात नवा अर्थ भरला. आणि गाण्यानेही चित्राला बदलले.

या काळाला कायद्याची पार्श्वभूमी होती. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. निकालाने हक्क दिला. रोजच्या नजरेतला बदल हे वेगळे काम होते, आणि हा व्हिडिओ त्या कामाचा एक प्रयत्न होता. 2016 साली कान लायन्स या जाहिरात महोत्सवात या मोहिमेला लिंगभेदाच्या प्रश्नावरील कामासाठी दिले जाणारे ‘ग्लास लायन’चे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

पण पारितोषिक जाहिरात महोत्सवाचे होते हेही विसरू नये. व्हिडिओच्या शेवटी चहा आहे. ‘आपण’ हे सर्वनाम येथे दोन अर्थांनी येते : आपण सगळे माणसे, आणि आपण सगळे ग्राहक. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकतात. विद्यार्थ्याने एकाच्या नादात दुसरा झाकू नये.

6. आजचा पडदा

मोबाइलच्या उभ्या पडद्यावर पाच जणी शेजारी शेजारी मावत नाहीत. म्हणून आजचे गट एकाच गाण्याचे अनेक व्हिडिओ काढतात. दक्षिण कोरियाच्या ‘ब्लॅकपिंक’ने 2020 साली ‘हाउ यू लाइक दॅट’ या गाण्याचा मुख्य व्हिडिओ काढला आणि नंतर फक्त नृत्याचा वेगळा व्हिडिओ काढला. पहिल्यात भव्य देखावे आणि प्रत्येकीचे स्वतंत्र क्षण, म्हणजे ‘ती’. दुसऱ्यात चौघी पूर्णाकृती, एकत्र, म्हणजे ‘आम्ही’. याशिवाय कार्यक्रमात एकाच सदस्येचा सतत पाठलाग करणारे ‘फॅनकॅम’ असतात. चाहता स्वतःला हवे ते सर्वनाम निवडतो.

भारतात 2024 मध्ये सोनी म्युझिकने चार जणींचा ‘विश’ हा गट आणला. री, सिम, झो आणि सुची या त्याच्या सदस्या, मार्गदर्शक संगीतकार मिकी मॅक्लेअरी, पहिले गाणे ‘लझीज’. ‘विश’ ही अक्षरे ‘वर्ल्ड इनका स्टेज है’ या वाक्याची आहेत. म्हणजे गटाच्या नावातच कोणीतरी तिसरा बोलतो आहे : जग ‘यांचे’ रंगमंच आहे. हे वाक्य त्या मुलींनी म्हटले असते तर ‘हमारा’ झाले असते.

7. प्रतिमा कोणाची?

आतापर्यंतच्या उदाहरणांतून एक प्रश्न पुढे येतो. व्हिडिओत ‘आम्ही’ म्हणणाऱ्या मुलींनी ते ‘आम्ही’ किती ठरवलेले असते? स्पर्धेच्या साच्यात कार्यक्रम, प्रायोजक आणि गटाची रचना आधी ठरते. मुली नंतर येतात. पोशाख, सेकंद, कॅमेऱ्याची जागा यांवरही अंतिम शब्द सहसा त्यांचा नसतो. मैत्री दाखवणे हा कामाचा भाग असतो. प्रेक्षक गट फुटल्यावर हळहळतो, ‘भांडल्या असतील’ म्हणतो. पण नोकरी संपली की सहकारी वेगळे होतात ही साधी गोष्ट विसरतो.

‘विवा’नंतरची वाटचाल या दृष्टीने पाहावी. अनुष्का मनचंदा दूरचित्रवाणीवर निवेदक झाल्या, चित्रपटांसाठी गायल्या आणि नंतर ‘किस नुका’ या स्वतः घेतलेल्या नावाने संगीत करू लागल्या. नेहा भसीन यांनी ‘सुलतान’ (2016) मधल्या ‘जग घूमेया’चे स्त्री-आवाजातले रूप गायले आणि पंजाबी लोकगीतांचे स्वतःचे व्हिडिओ केले. दोघींनी गटात मिळालेली प्रसिद्धी वापरली, पण प्रतिमा नव्याने घडवावी लागली. गटाच्या ‘आम्ही’मधून बाहेर पडताना ‘मी’ बरोबर येत नाही. तो वेगळा मिळवावा लागतो.

8. विश्लेषणाची पद्धत : एक कल्पित उदाहरण

समजा, जबलपूर जिल्ह्यातील बरगी येथील महाविद्यालयीन वयाच्या चार मैत्रिणींनी स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ करायचे ठरवले. बरगीला नर्मदेवर धरण आहे, मागे विस्तीर्ण जलाशय आहे, पर्यटकांची ये-जा आहे. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत.

पहिला, ड्रोनने वरून जलाशय आणि नावेतल्या चौघी टिपणे. चित्र सुंदर येईल, पण चौघी लहान ठिपके होतील. ‘त्या’ आणि पर्यटनाची जाहिरात यांत फरक उरणार नाही. दुसरा, काठावर बसून एकमेकींकडे पाहत गाणे, हे ‘आम्ही’. तिसरा, एकीने मोबाइल हातात धरून बाकीच्या तिघींना टिपणे आणि कडव्यागणिक मोबाइल दुसरीच्या हातात देणे. तिसऱ्यात चित्रण करणारी आणि चित्रित होणारी वेगळ्या राहत नाहीत, झिम्म्यासारखेच.

आता एक भर घाला. या जलाशयाखाली नर्मदाकाठची अनेक गावे गेली आहेत. चौघींपैकी एकीच्या आजोबांचे गाव त्यांत असेल, तर मागचे तेच पाणी तिच्यासाठी देखावा राहत नाही. तिघींचे ‘आम्ही’ आणि तिचे ‘आम्ही’ वेगळे आहे. व्हिडिओ हा फरक दाखवणार की सुंदर पाण्यात बुडवणार, हा निर्णय प्रतिमेचाच निर्णय आहे.

कोणत्याही व्हिडिओसाठी पुढील पायऱ्या वापराव्यात :
1. आवाज बंद करून व्हिडिओ एकदा पाहा.
2. प्रत्येक सदस्येचे एकटीचे सेकंद मोजा आणि लिहा.
3. प्रत्येक शॉटमध्ये नजर कोठे आहे ते नोंदवा : एकमेकींकडे, कॅमेऱ्याकडे, की कोठेच नाही.
4. शॉटपुढे सर्वनाम लिहा : ती, त्या, आम्ही, आपण.
5. आता आवाज लावून पाहा. गाण्यातले शब्द आणि तुमचे सर्वनाम जुळतात का?
6. निर्मिती, प्रायोजक आणि दिग्दर्शन कोणाचे ते शोधा आणि ‘आम्ही’ कोणी म्हटले ते ठरवा.

सारांश

गर्ल ग्रुपची प्रतिमा म्हणजे व्यक्ती आणि गट यांच्यातील नात्याची मांडणी. म्युझिक व्हिडिओ ती सेकंदांच्या वाटपातून, नजरेच्या दिशेतून, खुणांतून आणि जागेच्या निवडीतून करतो. ‘स्पाइस गर्ल्स’च्या उदाहरणात खुणांची ताकद आणि धोका दिसतो. ‘विवा’च्या उदाहरणात निवडीच्या कार्यक्रमाने घडवलेली आणि लवकर ओसरलेली प्रतिमा दिसते. ‘सिक्स पॅक बँड’ने समाजात ‘ते’ ठरवलेल्यांना ‘आम्ही’ म्हणण्याची जागा दिली, पण ती जागा एका उत्पादनाच्या जाहिरातीत होती. म्हणून व्हिडिओ पाहताना दोन प्रश्न बरोबर ठेवावेत : पडद्यावर कोणते सर्वनाम आहे, आणि ते कोणी उच्चारले आहे?

स्वाध्याय

1. रिचर्ड डायर यांच्या मांडणीच्या आधारे ‘प्रतिमा’ ही संकल्पना स्पष्ट करा.
2. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील फरक म्युझिक व्हिडिओच्या संदर्भात सोदाहरण लिहा.
3. ‘विवा’ आणि ‘स्पाइस गर्ल्स’ यांच्या प्रतिमा-निर्मितीतील साम्य व भेद सांगा.
4. ‘सामाजिक संदेश देणारी जाहिरात ही शेवटी जाहिरातच असते.’ ‘सिक्स पॅक बँड’च्या संदर्भात या विधानाची दोन्ही बाजूंनी चर्चा करा.
5. प्रकल्प : तुमच्या भाषेतील, तीन किंवा अधिक स्त्रिया एकत्र गात असलेला एक व्हिडिओ निवडा. वरील सहा पायऱ्यांनी त्याचा तक्ता तयार करा आणि 300 शब्दांत निष्कर्ष लिहा.